हार घातलेली भट्टी

लिफाफ्यातल्या कागदावर आपलं नाव आधीच छापलेलं आहे, हे शेवकरांच्या लक्षात आलं आणि त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. 'श्री. सोपान शेवकर, धातुतज्ज्ञ, यांनी प्रत्यक्ष पाहणी करून दिलेले मत' असं वर ठळक अक्षरांत, आणि त्याखाली दीड पानभर मत. मत तयार होतं, पाहणी तेवढी व्हायची राहिली होती. तळाशी सहीसाठी रेघ, रेघेखाली पुन्हा नाव. सकाळी दहाच्या सुमाराला प्रदीपचा ड्रायव्हर भांगरवाडीतल्या त्यांच्या फ्लॅटवर हा लिफाफा आणि कापसाच्या चिंध्यांत गुंडाळलेली तुटकी पिन देऊन खाली गाडीत जाऊन बसला होता. सही झाली की कागद घेऊन यायचे, असं साहेबांनी सांगितलंय, एवढं तो दारातच बोलला. शेवकरांनी दोनदा चष्मा पुसला. पंचाहत्तरीला आलेल्या माणसाचं मत कुणीतरी दुसऱ्यानं लिहून पाठवावं, आणि त्याला त्याचं काही वाटणार नाही असंही गृहीत धरावं! रागानं त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांना राग फार उशिरा येत असे, बहुतेक वेळा माणूस निघून गेल्यावर. आज तो वेळेवर आला होता, आणि त्याचं काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

गेल्या आठवड्यात तिकोणा पेठेच्या अलीकडच्या उतारावर ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणारी ही पिन तुटली, भरलेली ट्रॉली सुटून बांधावर आदळली आणि पोत्यांवर बसलेल्या माणसाची मांडी मोडली. पिन प्रदीपच्या कारखान्यातली. शेवकरांनी जिथं एकतीस वर्षं भट्ट्या सांभाळल्या तोच वडगावजवळचा कारखाना. तेव्हा प्रदीप त्यांच्या हाताखाली शिकायला होता, आता मालक होता. छापील मतात लिहिलं होतं की ऑपरेटर तेजल ओव्हाळ हिने दसऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी कोणाचीही परवानगी न घेता, देखरेखीशिवाय भट्टी पेटवली आणि एका ट्रेमधल्या चाळीस पिनांचं टेंपरिंग सदोष केलं. सबब त्या चाळीस पिना परत मागवाव्यात. तेजल ओव्हाळ. हे नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ते निवृत्त झाले तेव्हा भट्टीवर बाई नव्हती.

त्यांनी चिंध्या सोडवल्या. अंगठ्यापेक्षा जाड पिन, आडव्या भोकापाशी तुटलेली. दोन्ही तुकडे खिडकीपाशी नेऊन त्यांनी भिंगातून पाहिलं, आणि पहिल्या क्षणालाच त्यांना कळलं. कळलं म्हणूनच त्यांनी भिंग खाली ठेवलं. इतक्या लवकर कळलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास बसत नसे. तुटलेला भाग बहुतेक सगळा ताजा, राखाडी, चमकता होता. पण भोकाच्या कडेला नखाएवढी एक कोर काळपट होती. म्हणजे तिथली चीर ट्रॉली सुटली त्या दिवशीची नव्हती. ती आधीची होती, आणि नंतर भट्टीत गेली होती. भट्टीतल्या गरम हवेनं चिरेच्या आतला भाग काळवंडला होता. टेंपरिंग वाईट झालं म्हणून चीर पडली असती तर तो भाग स्वच्छ राहिला असता. चीर टेंपरिंगच्या आधी पडली होती. त्या बाईनं भट्टीत घातली तेव्हा पिन मेलेलीच होती.

लोखंड लाल करून एकदम बुडवणं, याला गावाकडचा लोहार पाणी देणं म्हणतो. कारखान्यात ते पाणी तेलाचं असतं. पोलाद तापलं की आत सगळं मोकळं होतं, कार्बन विरघळून वाटेल तिथं फिरू लागतो. एकदम गार केलं की त्याला परत आपल्या जागी जायला वेळच मिळत नाही, तो असेल तिथंच कोंडला जातो. मग सूक्ष्मदर्शकाखाली सुयांचं रान दिसतं, करवंदीच्या जाळीसारखं, एकमेकांत घुसलेलं. असं पोलाद काचेसारखं कडक असतं आणि काचेसारखंच फुटतं. म्हणून त्याला पुन्हा एकदा, पण बेतानं, तापवायचं. कडकपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो. त्याला टेंपरिंग म्हणायचं. यात अट एकच, पहिल्यानंतर दुसरं लगेच. माल हाताला सोसेल इतका कोमट झाला की भट्टीत. तसाच ठेवला तर आतला ताण कुणाची वाट पाहत नाही. पहिल्या वर्षी एकदा जेवणाच्या सुट्टीत, सगळी यंत्रं बंद असताना, रॅकवर ठेवलेल्या मालातून त्यांनी तो आवाज ऐकला होता: टक्. कुणी हात लावला नव्हता. आपल्या आपण. ते डबा सोडून रॅकपाशी गेले आणि कितीतरी वेळ एकेक नग हातात घेऊन पाहत राहिले, जणू कुणीतरी त्यातून बोललं होतं आणि ते नेमकं कोण हे शोधायचं होतं. माणसांचंही असंच असतं वगैरे लिहायचा मोह त्यांना पुढे आयुष्यभर झाला, आणि तो त्यांनी आवरला. असल्या उपमा त्यांना खोट्या वाटत. माणूस भट्टीत जात नाही. माणसाला लोक घालतात.

कपाटातली दोन पुस्तकं त्यांनी काढली. तेल फार गार असलं तरी चीर पडते. भोकाची कड धारदार राहिली तरी पडते. मग ही चीर बुडवतानाच पडली नसेल कशावरून? कोर काळी आहे एवढ्यावरून टेंपरिंगआधीची आहे इतकंच म्हणता येतं, ती किती आधीची हे कसं म्हणणार? ते पानं उलटत राहिले. आपण चुकत असू. दहा वर्षांत भट्टी पाहिलेली नाही, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. आणि तरीही मधेच छापलेलं नाव दिसलं की राग परत येई.

"अहो, खाली तो माणूस तिष्ठत बसलाय," राजेश्वरीबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "सही करायची तर करा, नाहीतर त्याला वर बोलवा, पोहे तरी खाईल बिचारा."

"बघतो."

"पन्नास वर्षं ऐकतेय मी हे, बघतो. बघून झालं की काय करता तुम्ही?"

त्यांनी कागद पुन्हा हातात घेतला. छापील मताच्या दुसऱ्या पानावरची तारीख त्यांना आत्ता नीट दिसली होती. दसरा. दसऱ्याला भट्टी पेटवली, तर तेलात माल बुडवला कधी? आदल्या दिवशी. आदल्या दिवशी खंडेनवमी. शेवकर खुर्चीत मागे टेकले, आणि खिडकीतून दिसणाऱ्या समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत टाकलेल्या चादरींकडे बघत राहिले. पुस्तकातलं काहीच आता लागत नव्हतं. त्यांना सगळं माहीत होतं, कारण ते त्यांनीच सुरू केलं होतं.

एका वर्षी तेलाच्या टाकीनं पेट घेतला आणि भट्टीवरच्या धोंडिबाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. त्यानंतर माणसं भट्टीपाशी जायला बिचकू लागली. दार उघडताना तोंडं फिरवत, चार्ज, म्हणजे एका वेळी भट्टीत घातलेला माल, लांबूनच ओढत. शेवकर तेव्हा शॉपचे प्रमुख होते, आणि माणसांशी बोलायचं म्हटलं की त्यांच्या तोंडाला कोरड पडायची. तरी ते एकदा सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, वर्षातून एकदा भट्टीला विसावा देऊ. खंडेनवमीला. यंत्रांची पूजा होतेच, पण आपण भट्टी पूर्ण रिकामी करू, विझवू, हार घालू, आणि दसरा उलटेपर्यंत दार उघडायचं नाही. देवधर्मावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. माणसांचा भट्टीवर बसावा एवढंच हवं होतं. त्यांची ही एकच कल्पना आयुष्यात लोकांना आवडली. धोंडिबानं बरा झाल्यावर पहिला हार स्वतः घातला. पुढे वर्षानुवर्षं तो विसावा चालला, आणि दर वर्षी आदल्या दिवशी दुपारपासून शेवकर स्वतः उभे राहून बघत की तेलात काही बुडवलं जात नाही, बुडवलेलं सगळं टेंपरिंग होऊन बाहेर आलंय, मगच भट्टी विझते. हा नियम त्यांच्या डोक्यात होता. एकदा त्यांनी तो सुवाच्य अक्षरांत कागदावर लिहिलाही, भिंतीवर लावायला. पण किती तासांच्या आत टेंपरिंग, याला एक पुस्तक काही म्हणत होतं आणि दुसरं काही. चुकीचा आकडा भिंतीवर जाईल ही भीती. शिवाय पूजेच्या नोटिशीत धातुशास्त्र वाचून लोक हसतील असंही वाटलं. कागद खणात राहिला. ते निवृत्त झाले तेव्हा हार मागे राहिला, नियम त्यांच्याबरोबर लोणावळ्याला आला.

"मी जाऊन येतो," ते उठून म्हणाले.

"कुठं?"

"वडगावला. त्याच गाडीतनं."

राजेश्वरीबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "मफलर घ्या," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पिनेचे तुकडे त्यांनीच चिंध्यांत नीट बांधून दिले.

जुन्या रस्त्यानं कार्ला, कामशेत मागे पडत गेलं आणि शेवकर मनात वाक्यं जुळवत राहिले. प्रदीप, तुला लाज वाटली नाही? हे फार नाटकी. प्रदीप, मी तुला हेच शिकवलं का? यावर तो म्हणेल, हो सर, हेच. त्यांनी वाक्यं जुळवणं सोडलं. एका चार्जमध्ये तीनशे पिना. चाळीस परत येतील, दोनशे साठ ट्रॉल्यांना लागलेल्या राहतील. पवनानगरच्या, वडिवळ्याच्या, कुठल्या कुठल्या उतारांवर, भोकाच्या कडेला नखाएवढी काळी कोर घेऊन. प्रत्येकीत चीर असेल असं नाही. नसेलही. हे 'नसेलही' त्यांना लहानपणापासून सोयीचं पडत आलं होतं. त्यांनी काच खाली केली. वारा गार होता, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांना बरं वाटलं की याला कारण आहे.

कारखान्यात प्रदीपच्या केबिनबाहेर बाकावर तिशी-पस्तिशीची एक बाई बसली होती. पंजाबी ड्रेसवर स्वेटर, मांडीवर हेल्मेट. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि उठली नाही.

"तुमीच का शेवकरसाहेब?"

"हो. तुम्ही...?"

"तेजल. वडिवळ्याची. घरी बसवलंय मला पाच दिस झालं, आज सही द्यायला बोलिवलंय." ती त्यांच्या हातातल्या गाठोड्याकडे बघत होती. "तुमच्या वह्या हायेत शॉपात. त्याच वाचून शिकले मी. अक्षर लय बारीक काढता बघा, डोळं जात्यात. त्यात लिवलंय, तेलातनं काढलं की लगेच टेंपरिंग. पर नवमीचं कुटंच न्हाई लिवलं. मी लय हुडाकलं."

शेवकरांना वाटलं कुणी तरी भर चौकात थोबाडीत दिली. ते बाकावर तिच्या शेजारी बसले. "त्या दिवशी काय झालं?" त्यांनी विचारलं, आणि आवाज इतका बारीक आला की त्यांना पुन्हा विचारावं लागलं.

"भट्टी रिकामी करून पूजा, असं ठरल्यालं. म्हनून साडेअकराला घाईघाईनं चार्ज तेलात. मी ट्रॉली टेंपरिंगच्या भट्टीपाशी आनली, तर दाराच्या मुठीला हार. कैलासभाऊ सुपरवायझर, ते म्हनले आता दार उघडायचं न्हाई, हार तुटंल. मी म्हनलं तुटू द्या की, दुसरा घालू, पाटी भरून झेंडू पडलाय. तर..." तिनं केबिनच्या दाराकडे पाहिलं.

"तर?"

"म्हनले, 'तुमच्यात न्हाई करत म्हनून आमचं मोडायचं व्हय?' सगळे हसले. मग मी काय बोलणार? प्रसाद वाटत व्हते, मी घेतला न्हाई. तर म्हनले बघा, राग आला." तिनं हेल्मेटचा पट्टा ओढून सोडला. "दुसऱ्या दिवशी आमचा धम्मचक्राचा कार्यक्रम, कामशेतला. समदी पांढरं नेसून निघाल्याली. मला काय चैन पडंना. त्या पिना तशाच रॅकवर. पांढऱ्या साडीवरच आले हितं, वॉचमनच्या हातापाया पडले, भट्टी लावली. रजिस्टरात वेळ लिवली, सकाळी सात चाळीस. खरीच लिवली. साडीला तेल लागलं ते अजून गेलं न्हाई. आन् आता म्हनत्यात, इनापरवानगी भट्टी पेटवली."

शेवकरांना आपण केव्हा उठलो, केबिनचं दार केव्हा ढकललं, हे नंतर आठवलं नाही. आत प्रदीप होता आणि समोर कैलास, टाचणीनं दात कोरत. प्रदीप हसत उभा राहिला. "सर! तुम्ही कशाला त्रास घेतलात, मी..."

"रजिस्टर आण."

"सर, बसा तरी."

"रजिस्टर आण, प्रदीप. आणि ग्राहकांना दिलेलं सर्टिफिकेट. ज्यावर टेंपरिंगची वेळ नवमीची दुपार टाकली आहेस ते." ही गोष्ट त्यांनी पाहिली नव्हती, फक्त ओळखली होती, पण प्रदीपचं हसू गेलं त्यावरून ती खरी निघाली. त्यांनी गाठोडं टेबलावर सोडलं, काळी कोर वर येईल असा तुकडा ठेवला. "हे बघ. पाहायला शिकवलं होतं तुला. टेंपरिंगच्या आधीची चीर आहे. वीस तास तशाच पडल्या होत्या पिना. जिनं निदान दुसऱ्या दिवशी येऊन भट्टी लावली, तिला तू घरी बसवतोस? ती आली नसती तर अजून एक दिवस पडल्या असत्या." त्यांचा आवाज फाटत होता, शब्द एकावर एक चढत होते, आणि ते थांबत नव्हते. "आणि चाळीसच का? हार घातलेल्या भट्टीबाहेर तीनशे होत्या!"

"तेल गार असेल सर, भोकाची कड..."

"असेल! तेही असेल! सगळी कारणं मी तुला मोजून देतो. त्यातलं एकही तिचं नाही."

प्रदीप हळू आवाजात म्हणाला, "सर, विसावा तुम्ही सुरू केलात. हे बाहेर गेलं तर पहिलं नाव तुमचंच येईल. मी तुम्हाला वाचवतोय."

शेवकर बसले. वाचवतोय. हे खरंही असेल, असं त्यांना एक क्षण वाटलं, आणि त्या क्षणाचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला. त्यांनी कोरा फॉर्म मागितला, चष्मा लावला आणि लिहायला घेतलं. विसावा मी सुरू केला. त्यासोबतचा नियम मी लेखी दिला नाही. इथपर्यंत हात चालला. मग तपासणी, काळी कोर, वेळा, तीनशेच्या तीनशे पिना तत्काळ वापरातून काढाव्यात. तेजल आत येऊन टेबलासमोर उभी राहून वाचत होती. "उलटं अक्षर बी वाचता येतं मला," ती म्हणाली. "भट्टीचा तक्ता पलीकडनं वाचून सवय झालीय."

'मूळ कारण' असा रकाना होता. शेवकरांनी लिहिलं: काही कारणास्तव टेंपरिंगला विलंब झाला.

"काही कारणास्तव न्हाई," तेजल म्हणाली.

"हा तांत्रिक अहवाल आहे," ते पुटपुटले.

"मग? तितंच तर थांबलं ना काम. तितंच लिवा. मी सांगितलं व्हतं हे आधी, आन् त्यांनी काय उत्तर दिलं ते त्याखाली."

"मी आपलं गमतीत बोललो होतो," कैलास म्हणाला. "तेजल, तुला गंमत कळत न्हाई का? साहेब, हे कुटं लिहितात का असलं?"

कुणी लिहीत नाही, हे शेवकरांना माहीत होतं. एकाही पुस्तकात असलं कारण दिलेलं नव्हतं. पेन कागदावर टेकलेलं राहिलं, शाईचा ठिपका मोठा होत गेला. आपण लिहिलं आणि लोक हसले तर? हसले तर हसोत, असं त्यांना वाटलं नाही. हसतीलच असं वाटलं, आणि तसं वाटत असतानाच त्यांनी आधीचं वाक्य खोडलं. खंडेनवमीस सकाळी साडेअकराला ऑपरेटर तेजल ओव्हाळ यांनी भट्टी तात्काळ उघडण्यास सांगितले. त्यावर सुपरवायझर म्हणाले, आणि इथं अवतरणचिन्ह.

"मोठ्यानं वाचा," ती म्हणाली.

त्यांनी वाचलं. केबिनमध्ये ते वाक्य अगदी सपाट, हिशेबी आवाजात ऐकू आलं, तापमान वाचावं तसं. कैलासनं टाचणी टेबलावर ठेवली. प्रदीप खिडकीबाहेर बघत होता. शेवकरांनी सही केली आणि ग्राहकांची यादी मागितली. यादी आली. सगळ्यात वर पवनानगरच्या दुकानदाराचा नंबर होता. टेबलावरचा फोन प्रदीपच्या हाताशी होता; प्रदीपनं त्याकडे पाहिलं, आणि हात मांडीवरच ठेवला. "वकिलाला विचारू आधी," तो म्हणाला.

तेजल पुढे आली, तिनं फोन आपल्याकडे ओढला आणि यादीवर बोट ठेवून नंबर फिरवला.

"हॅलो. तुमच्याकडनं गेलेल्या पिना जितं असतील तितल्या ट्रॉल्या आत्ताच्या आत्ता हुभ्या करायला सांगा. हां, सगळ्या. भरलेल्या असल्या तरी." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिनं क्षणभर शेवकरांकडे पाहिलं, मग प्रदीपकडे.

"कोन म्हंजे? भट्टीवाली बोलतेय," ती म्हणाली.